पाठीचा वाटा

माघातला दुसरा रविवार. तलावातून निघालेली मासळी एकशे चौऱ्याण्णव किलो. त्यातली एकशे चाळीस किलो व्यापाऱ्याच्या गाडीत गेली, उरलेली चौपन्न किलो घरोघरी वाटायची होती. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, हजर: मच्छीमार सोसायटीची सव्वीस घरं, सोसायटीचा सचिव नामदेव, त्याच्या धाकट्या भावाची बायको रेखा (हीच माझी विद्यार्थिनी), म्हातारे बुधाजीभाऊ, आणि मी. मासळीचे सत्तावीस ढीग मांडून झाले होते, ऊन चढत होतं, आणि कोणीच काही करत नव्हतं. सगळे माझ्या हातांकडे पाहत होते.

त्या गर्दीत कोरडे हात फक्त माझे उरले होते. तिथपर्यंत गोष्ट कशी आली ते सांगते.

मी चिमूरला गेली बावीस वर्षं संगणकाचे वर्ग घेते. वर्ग म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि नऊ संगणक, त्यांतले सहा चालू. नवरा वीज खात्यात आहे, तरी आमच्याकडची वीज बाकी गावाबरोबरच जाते. टायपिंग शिकवलं, हिशेब शिकवले, नोकरीचे आणि पीक विम्याचे अर्ज भरायला शिकवलं. शिकवणं म्हणजे तुम्ही नेमकं काय करता, असं कोणी विचारलं तर मी सांगते, हात मागे बांधून उभी राहते. लोक हसतात. पण माझ्या धंद्याचा एवढाच एक नियम आहे. शिकणाऱ्याच्या यंत्राला आपण हात लावायचा नाही.

नवा माणूस संगणकासमोर बसला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मॅडम, तुमीच दाबा ना." बटण दाबलं तर काही मोडेल, काही पुसलं जाईल, खात्यातले पैसे जातील, अशी भीती असते. आपण एकदा दाबून दिलं की तो माणूस कायमचा आपल्या बोटावर राहिला. कोरपन्याहून चिमूरला राहायला आलेले एक कापसाचे व्यापारी होते, तोंडी हिशेबात मला मागे टाकायचे. तेव्हा मी नवी होते, दया यायची, दाबून द्यायचे. सहा महिन्यांनी ते परीक्षा पास झाले, वर्गात पेढे वाटले. पुढच्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "मॅडम, मोबाइलवर कायतरी विचारून राह्यला. 'हो' दाबू का 'नाही' दाबू?" काय विचारतोय, असं मी म्हटलं. "ते नाई वाचलं. तुमी सांगा ना कोनतं दाबू." त्या दिवसापासून मी हात मागे बांधले ते बांधलेच. खांदे त्यामुळेच दुखतात असं डॉक्टर म्हणत नाहीत, मी म्हणते.

गेल्या पावसाळ्यानंतर एका संस्थेनं मला काम दिलं. खेड्यातल्या, अ‍ॅप कधीच न बनवलेल्या लोकांकडून त्यांचं पहिलं अ‍ॅप बनवून घ्यायचं. शनिवार-रविवार वर्ग, आठ जण, आणि अ‍ॅप त्यांच्याच एखाद्या गरजेचं. शेवटी गाव ते अ‍ॅप वापरतंय असा व्हिडिओ द्यायचा. माझ्या मानधनाचा शेवटचा हप्ता त्या व्हिडिओवर होता. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे झालं ती त्यांच्या घरातली गोष्ट आहे आणि मी तिथे पाहुणी होते.

खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचं होतं. वय एकोणपन्नास, आठवडाभर वर्ग, आणि सुट्टीच्या दोन दिवशी स्कूटरवर जंगलातला रस्ता. त्या रस्त्यावर वाघाचं येणं-जाणं असतं म्हणून चारच्या आत परत निघावं लागायचं. रोज तेच शिकवून माणूस झिजतो. पण मुलीची कॉलेजची फी भरायची होती. मी हो म्हटलं.

वर्ग भरायचा सोसायटीच्या खोलीत. भिंतीवर जाळी टांगलेली, कोपऱ्यात वजनकाटा आणि प्लास्टिकचे क्रेट, आणि खोलीभर असा वास की पहिल्या दिवशी घरी गेल्यावर माझ्या मुलीनं मला दारातच थांबवलं. एक लॅपटॉप माझा, बाकी ज्याचा त्याचा मोबाइल.

बाहेरच्यांना अ‍ॅप म्हणजे फार मोठं काहीतरी वाटतं. नवशिक्यांसाठी ते फार सोपं करून ठेवलेलं आहे. पडद्यावर रंगीत तुकडे असतात, मुलांच्या जोडचित्रासारखे. एका तुकड्यावर लिहिलेलं असतं, 'बटण दाबल्यावर'. त्याच्या खाचेत दुसरा तुकडा बसवायचा, 'हा आवाज वाजव'. दोन तुकडे बसले की अ‍ॅप झालं. मग ते आपल्या मोबाइलमध्ये घ्यायचं. तिथे पहिली अडचण येते. मोबाइल ताकीद देतो की हे अनोळखी ठिकाणाहून आलेलं आहे, धोका असू शकतो. रेखा घाबरली. "मॅडम, धोका म्हन्ते हा. बनवलं तं मीच, मंग मायापासूनच धोका काऊन?" दुसरी अडचण म्हणजे मोबाइलमध्ये जागा नसते. सकाळच्या शुभेच्छांची चित्रं पुसण्यात आमचा एक अख्खा शनिवार गेला.

आवाज कोणता ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. रेखानं आपल्या शेळीचा आवाज भरून आणला. बटण दाबलं तसा मोबाइल ओरडला आणि खोलीच्या बाहेर बांधलेल्या दोन शेळ्यांनी त्याला उत्तर दिलं. आठही जण एवढे हसले की नामदेव कामं टाकून पाहायला आला.

नामदेव माणूस वाईट नाही. पंचेचाळिशीचा, सोसायटीचं सगळं तोच पाहतो, तलावाच्या ठेक्यासाठी तालुक्याला खेपा घालतो. पण त्याला एक सल होता आणि तो आमच्या अ‍ॅपमध्ये येऊन बसला.

त्या गावात मासळी वाटायची रीत अशी आहे. व्यापाऱ्याचा माल गेला की घरी खायच्या मासळीचे ढीग पाडतात. घरं सव्वीस, ढीग सत्तावीस. सगळे ढीग सारखे करायचा प्रयत्न असतो, पण मासे काही एकाच साच्यातले नसतात. कुठे एखादा मोठा रोहू, कुठे मरळ, कुठे नुसते झिंगे आणि बारीक मासळी. म्हणून कोणाला कोणता ढीग हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. एक माणूस ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरा कोणत्याही ढिगाला काठी टेकवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस एका घराचं नाव घेतो. तो ढीग त्या घराचा. असं सव्वीस वेळा. शेवटी जो ढीग राहतो तो पाठमोऱ्या माणसाचा. त्याला 'पाठीचा वाटा' म्हणतात.

बरीच वर्षं ही पाठ बुधाजीभाऊंची होती. तरुणपणी जाळं फेकण्यात त्यांचं नाव होतं म्हणे. आता पायांत जोर नाही, पाण्यात उभं राहता येत नाही. मुलगा-सून तेलंगणात मिरची तोडायला जातात ते तिकडेच जास्त राहतात. जाळं ओढायला घरातून कोणी नाही म्हणून सव्वीस घरांत त्यांचं घर नाही. पाठीचा वाटा हीच त्यांची मासळी. त्यातली थोडी ते आणि त्यांची बायको खातात, बाकीची धानवाल्यांच्या घरी देऊन तांदूळ आणतात.

आणि नामदेवच्या वाट्याला लागोपाठ तीन वेळा बारीक मासळी आली होती.

"मोठ्या ढिगापाशी आला की विचारनारा खोकलते," तो मला म्हणाला. "बुधाजी वळखते. मंग बरोब्बर आपल्या मानसाचं नाव घेते. मॅडम, तुमी असं यंत्र बनवा का त्याले कोनी खोकलून दाखवू शकनार नाई."

मी फळ्यावर हिशेब मांडला. तीन ढिगांमागे एक ढीग बारीक मासळीचा धरला, तर तो लागोपाठ तीनदा मिळण्याची शक्यता सत्ताविसात एक. घरं सव्वीस. म्हणजे असं एखादं घर निघायचंच, त्यात कोणाची लबाडी असायची गरज नाही. नामदेवनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "निंगनारच, मॅडम. पन मंग ते घर मायंच काऊन?"

याला गणितात उत्तर नाही.

वर्गातल्या आठांनाही ही कल्पना आवडली, कारण अ‍ॅप म्हणून ती अगदी त्यांच्या बेताची होती. घरांची यादी भरायची, बटण दाबलं की यादीतलं कोणतंही एक नाव निघायचं. पहिल्या चाचणीला आम्ही जमिनीवर चिंचोक्यांचे ढीग मांडले. शेवंताबाई नावाची एक सत्तरीची बाई रोज दारात बसून वर्ग पाहायची, तिचं नाव चारदा निघालं आणि रेखाचं एकदाही नाही. नवशिके हमखास ही चूक करतात. मी हात मागे बांधून उभी राहिले. रेखानं बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ज्याले मिळालं तो रांगेतून निंगून गेला पायजे. आपला मानूस रेशन घेऊनबी तिथीच उभा हाये." नाव निघालं की ते यादीतून काढून टाकायचा तुकडा तिनं शोधून बसवला. शेवंताबाई चिंचोके गोळा करत म्हणाली, "पहिलंच बरं होतं बाप्पा."

बुधाजीभाऊंच्या वाट्याचं काय होणार, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला होता. मी तो विचारला नाही. चार वाजत आले होते, मला निघायचं होतं.

मार्गशीर्षात पहिल्यांदा अ‍ॅप पाळीवर गेलं आणि सपशेल आपटलं. खोलीत स्वच्छ दिसणारी अक्षरं उन्हात दिसेनात. त्याहून मोठी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. मासळी काढून, निवडून, ढीग पाडून झाल्यावर तिथल्या प्रत्येकाचे हात कोपरापर्यंत ओले आणि चिकट असतात. ओल्या बोटाला मोबाइल ओळखत नाही. रेखानं दाबलं, काही झालं नाही. पदराला बोट पुसून दाबलं, तर दोन नावं एकदम उडाली. कोणी म्हणालं, साबणानं हात धुऊन ये. दुसरा लगेच म्हणाला, "तिनं काऊन दाबाव? तिच्या घराचं नाव हाये ना यादीत." तेही खरंच होतं. जुन्या रितीत पाठमोऱ्या माणसाचं नाव यादीत नसतं.

"मॅडमचं यंत्र खोलीत हुशार," नामदेव म्हणाला, "पाळीवर आलं का ढ."

त्या दिवशी बुधाजीभाऊ नेहमीसारखे पाठ करून बसले आणि पाव तासात वाटप झालं.

पुढच्या शनिवारी रेखाच म्हणाली, "मॅडम, पाळीवर कोरडे हात एकाच मानसाचे असते. आन् यादीत नाव नसलेला बी तोच." म्हणजे बुधाजीभाऊंनीच पाठ करून बसायचं, फक्त तोंडाऐवजी बोट वापरायचं. पण त्यांना वाचता येत नव्हतं. तेव्हा अ‍ॅपनं नाव मोठ्यानं बोललं पाहिजे. मोबाइलमधली बाई नावं वाचून दाखवते तो प्रकार आम्ही करून पाहिला. शेवंताबाईनं नापास केला. "हे तं तहसीलातली हजेरी वाटून राह्यली. आता मले उभं राहा लागते का काय?" मग आवाज कोणाचा भरायचा यावर वर्गात तासभर वाद झाला. ज्याचा भरावा त्याचं घर यादीत. शेवटी सगळे त्याच एका माणसापाशी आले.

बुधाजीभाऊ खोलीत आले, भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांच्यासमोर मोबाइल धरला आणि रेखानं यादी वाचायला सुरुवात केली. तिनं नाव घ्यायचं, त्यांनी ते म्हणायचं. ते बोलेचनात.

"असं नाई जमत," ते म्हणाले. "मांगून कोनी विचारल्याशिवाय नाव तोंडात येत नाई."

मग रेखा त्यांच्या पाठीमागे उभी राहिली आणि रिकाम्या जमिनीला काठी टेकवून विचारू लागली, "हा कोनाचा?" ते एकेक नाव घेत गेले, न अडखळता, एकाच सुरात. मध्ये मी त्यांना विचारलं, "भाऊ, हे कशासाठी चाललंय ते ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाये. मायावर शक हाये नामदेवचा." ते भिंतीकडे पाहूनच बोलत होते. "नाव हा फोन काढीन, आवाज माया राहीन. मंग मले कोनी बोट दाखवनार नाई. एवढं वय झालं मॅडम, मासळी चोरली म्हनून घेऊन जा लागू नये."

पौषातल्या वाटपाला सगळं जमून आलं. बुधाजीभाऊ पाठ करून बसले, रेखाचा मोबाइल मांडीवर, वरून दुपट्ट्याची सावली. मागून प्रश्न आला की ते बटण दाबत आणि मोबाइलमधून त्यांचाच आवाज निघे. ते स्वतः तोंड मिटून बसलेले. सव्वीस नावं, एकही दुबार नाही. नामदेवला त्या दिवशीही झिंगे आणि बारीक मासळीच आली.

शेवंताबाई सगळ्या पाळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "नामदेवा, बुधाजीनं फोनलेबी खोकलून दाखवलं का रे?"

लोक हसून हसून खाली बसले. बुधाजीभाऊही हसले. मी बावीस वर्षांत पुष्कळ अ‍ॅपं, पुष्कळ कार्यक्रम चाललेले पाहिले, पण असं माणसाच्या चेहऱ्यावरून ओझं उतरताना क्वचित पाहिलं. पाहण्याच्या नादात व्हिडिओ काढायचा राहिला. पुढच्या वाटपाला काढू म्हटलं.

दोन आठवड्यांनी रेखाचा फोन आला. सोसायटीची बैठक झाली होती आणि नामदेवनं ठराव मांडला होता. नाव फोन काढतो, आवाजही फोन काढतो, बुधाजी नुसता बोट लावतो. तर पाठीचा वाटा यापुढे अर्धा.

"तू काही बोलली नाहीस?" मी विचारलं.

"भाऊजीपुढं मी काय बोलू, मॅडम? घरात राहाचं हाये मले." मग म्हणाली, "पन बनवलं तं मीच ना."

बनवलं तिनं, शिकवलं मी. बुधाजीभाऊंवरचा आळ गेला आणि त्याच अ‍ॅपपायी त्यांचा अर्धा वाटाही गेला. मी संस्थेत फोन केला. ते म्हणाले, अंतर्गत बाब आहे, तुम्ही व्हिडिओ तेवढा पाठवा.

असा तो माघातला रविवार आला.

सव्वीस ढीग नेहमीचे होते आणि सत्ताविसावा कडेला, निम्म्याहून लहान. बुधाजीभाऊ काठी टेकत आले, सगळ्या ढिगांवरून नजर फिरवली आणि कडेच्या ढिगापाशी थांबले. त्यांनी ठराव ऐकला होताच. पण ऐकणं वेगळं, समोर पाहणं वेगळं.

"बसा भाऊ," नामदेव म्हणाला. "ऊन होऊन राह्यलं."

"बसतो ना. कसा बसू ते सांग."

"म्हंजे?"

"वाटा अर्धा हाये, तं मी बी अर्धाच पाठमोरा बसू काय? एक डोया ढिगाकडं, एक डोया तलावाकडं?"

दोघं-तिघं हसले. बुधाजीभाऊंनी दुपट्टा एका दगडावर पसरला, त्यावर रेखानं दिलेला मोबाइल ठेवला आणि सावकाश पाण्याकडे उतरले. वाकायला त्यांना त्रास होत होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवले, वर येऊन एका क्रेटमधल्या बारीक मासळीत ते घोळवले आणि सगळ्यांना दाखवले.

"घ्या. आता माये बी हात ओले."

आणि ते मासळी निवडणाऱ्या लोकांमध्ये जाऊन उभे राहिले.

नामदेवनं शर्टाला हात पुसत दगडाकडे पाऊल टाकलं. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ सचिव, तुमचं नाव हाये यादीत." तो थांबला. घारी खाली यायला लागल्या होत्या. उघड्यावरच्या मासळीला माघाचं ऊनही पुरतं. मरळ तग धरते, पण रोहूचे डोळे बघता बघता पांढरे पडतात. आणि मग एकेक करून सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. हात कोरडे. यादीत नाव नाही. हातात मोबाइल, व्हिडिओसाठी तयार.

नामदेव अगदी मवाळ आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमीच दाबा ना."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याचा हिशेब मीसुद्धा ठेवलेला नाही. मला राग आला नाही. फार थकवा आला. दाबलं असतं तर पाच मिनिटांत वाटप झालं असतं, व्हिडिओ झाला असता, चारच्या आत घरी पोचले असते. आणि पुढच्या वाटपापासून कोणीतरी कोरड्या हाताचा पाहुणा बोलावून आणायची रीत पडली असती, बुधाजीभाऊंची गरजच उरली नसती.

मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि हात मागे बांधले. "मी दाबत नाही," मी म्हटलं. "माझ्या आठही विद्यार्थ्यांना विचारा. मी कोणासाठीच दाबत नाही."

"आन् तुमचा व्हिडिओ?"

"राहू दे."

त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत उभं राहणं मला जमेना. मी तलावाकडे तोंड करून उभी राहिले. पाणी उतरून काठाला वाळलेल्या चिखलाचा पट्टा दिसत होता. मग मागून एक आवाज आला, मासळीवर मासळी पडल्याचा.

मी वळले. रेखानं एका मोठ्या ढिगातला रोहू उचलून कडेच्या लहान ढिगावर टाकला होता.

"ए, काय करून राह्यली तू?" नामदेव ओरडला. "कोनाच्या ढिगातला काढला?"

"कोनाच्या?" रेखाचा पदर डोक्यावर होता. "तुमीच सांगा ना भाऊजी. कोनाचा हाये तो ढीग?"

कोणता ढीग कोणाचा हे अजून ठरलेलंच नव्हतं. त्यामुळे त्यातला मासा कोणाचाच नव्हता, आणि गेला तर कोणाचंच काही जात नव्हतं.

शेवंताबाईला हे सगळ्यांत आधी कळलं. ती हसतच उठली, दुसऱ्या एका ढिगातून मूठभर झिंगे घेतले आणि कडेच्या ढिगावर ओतले. मग आणखी एकानं शेपटी धरून एक कतला आणला. मग कोणी मरळ. नुसता ओल्या मासळीचा आवाज. कडेचा ढीग भरत गेला.

"पुरे करा," नामदेव शेवटी म्हणाला. "नाईतं त्याचाच सगळ्यांत मोठा होईन." त्यानं पुढे होऊन आपल्या हातानं ढीग सारखा केला. वरचे दोन मासे काढले, हातात तोलले, त्यातला एक परत ठेवला. मग बुधाजीभाऊंकडे न पाहता म्हणाला, "बसा भाऊ."

"हात ओले हायेत ना. फोनले चालत नाई," बुधाजीभाऊ म्हणाले. "तोंडानं सांगतलं तं चालते काय?"

नामदेवनं काठी उचलली आणि पहिल्या ढिगाला टेकवून उभा राहिला. बुधाजीभाऊ पाठ करून बसले.

"हा कोनाचा?" नामदेवनं विचारलं.

वाटप झालं. मोबाइल दगडावर तसाच पडून होता, मधेच त्याचा पडदा काळा झाला. एका मोठ्या कतल्याच्या ढिगाला काठी टेकली तेव्हा नाव निघालं नामदेवचं. तेवढ्यात शेवंताबाई मोठ्यानं खोकली.

त्यानंतर अर्ध्या वाट्याचा ठराव कोणी काढला नाही. तो रद्द झाला असं मात्र अजून कागदावर नाही. अ‍ॅप रेखाच्या मोबाइलमध्ये आहे. तिनं नावं बदलून तलावाच्या राखणीची पाळी लावायला ते घेतलं आहे. त्यात आवाज तिचा आहे आणि शेवटी शेळी ओरडते. संस्थेच्या अहवालात 'अ‍ॅप किती वेळा वापरलं' या प्रश्नापुढे मी लिहिलं, वाटपासाठी एकदा. व्हिडिओ नाही. शेवटचा हप्ता आला नाही, मी मागितला नाही. मुलीची फी नवऱ्याच्या भविष्य निर्वाह निधीतून भरली. त्यावर आमच्या घरात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी जे दिलं गेलं ते असं. सव्वीस घरांना एकेक ढीग. सत्ताविसावा, म्हणजे पाठीचा वाटा, मी मुद्दाम काट्यावर ठेवून पाहिला. दोन किलो शंभर ग्रॅम, बुधाजीभाऊंना. मी स्कूटर काढत होते तेव्हा ते काठी टेकत आले. हातात पळसाच्या पानांत गुंडाळलेला रोहू होता, सहाशे ग्रॅमच्या आसपास. मी नको म्हटलं. त्यांनी तो स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि म्हणाले, "ठेवा मॅडम. पाठ तं तुमी बी फिरवली होती."